इंजिन बंद पडल्यावर

सायकल उताराला लागली की आपण पायडल मारणे थांबवतो. सायकल लगेच थांबत नाही आणि आडवीही होत नाही. उतार संपेपर्यंत ती चालत राहते. हँडल आपल्या हातात असते, ब्रेक हातात असतात आणि कुठे थांबायचे हेही बरेचसे आपणच ठरवतो. एकच इंजिन असलेल्या लहान विमानाचे इंजिन हवेत बंद पडले तर काय होते, याचे उत्तर जवळजवळ असेच आहे.

हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, 'विमान पडेल', आणि हाताने दगड पडल्यासारखी खूण करतील. मोठ्यांचे उत्तरही फारसे वेगळे येत नाही. विमानाला इंजिन उचलून धरते, अशी समजूत त्यामागे आहे. प्रत्यक्षात विमानाला उचलून धरतात ते पंख. पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहत राहिली की उचल मिळते. ती हवा कशामुळे वाहते, हे पंखांना ठाऊक नसते. सपाटीवर ती इंजिनामुळे वाहते. उतारावर ती गुरुत्वाकर्षणामुळे वाहू शकते. आकाशात उतार कुठला, असे कुणी विचारील. विमानाने नाक थोडे खाली केले की उतार तयार होतो. घार पंख न हलवता तरंगते तेव्हा तीही आजूबाजूच्या हवेच्या संदर्भात सतत खालीच उतरत असते. वर चढणाऱ्या ऊन हवेत ती असली तर मात्र हवाच तिला उचलून वर नेते.

आकडे घेऊन पाहू या. सेस्ना १७२ हे चार आसनी, एका इंजिनाचे विमान. १९५५ मध्ये ते प्रथम उडाले आणि आजवर ४४ हजारांहून अधिक बनले. जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. आपल्याकडच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांतही ते आणि त्याचे दोन आसनी धाकटे भावंड सेस्ना १५२ दिसते. भरलेल्या विमानाचे वस्तुमान ढोबळमानाने १,००० किलोग्रॅम धरू. इंजिन बंद असताना ते १ मीटर खाली येईपर्यंत सुमारे ९ मीटर पुढे जाते. याला आपण तरंग-गुणोत्तर म्हणू. हे गुणोत्तर म्हणजेच पंखांची उचल भागिले हवेचा प्रतिरोध. विमानाचे वजन ९,८०० न्यूटन, तेव्हा प्रतिरोध त्याच्या नवव्या हिश्श्याइतका, म्हणजे सुमारे १,१०० न्यूटन.

आता वेग पाहू. तरंगत उतरताना हे विमान ६५ नॉट वेगाने नेतात, म्हणजे ताशी १२० किलोमीटर किंवा सेकंदाला ३३.४ मीटर. प्रतिरोधाला वेगाने गुणले की लागणारी शक्ती मिळते : सुमारे ३६ किलोवॅट, म्हणजे ४९ अश्वशक्ती. इंजिन चालू असताना ही शक्ती पेट्रोलमधून येते. बंद पडल्यावर ती कोठून येते? सेकंदाला ३३.४ मीटर पुढे, म्हणजे सेकंदाला ३.७ मीटर खाली. १,००० किलोग्रॅम वस्तुमान सेकंदाला ३.७ मीटर खाली आले की स्थितिज ऊर्जा सेकंदाला सुमारे ३६ हजार जूलने कमी होते. हिशोब जुळला. जमिनीपासूनची उंची हीच आता विमानाची इंधनाची टाकी आहे, आणि ती पुन्हा भरता येत नाही.

९०० मीटर उंचीवर इंजिन बंद पडले तर वैमानिकापाशी सुमारे चार मिनिटे असतात आणि आठ किलोमीटर अंतर. आठ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे २०० चौरस किलोमीटर जमीन येते. हा आकडा मुलांना आपल्या गावाच्या नकाशावर कंपासने काढून दाखवावा. 'दगडासारखे पडेल' ही कल्पना त्या एका वर्तुळाने जाते. वारा असला तर मात्र वर्तुळ सरकते. समोरून २० नॉटचा वारा असेल तर हवेतला वेग ६५ नॉट असूनही जमिनीवरून विमान ४५ नॉटनेच सरकते, आणि आठ किलोमीटरचे साडेपाच होतात.

विमानाचे सुकाणूही इंजिनावर अवलंबून नाही. सेस्नासारख्या लहान विमानात वैमानिकाचा हात आणि शेपटीवरच्या पट्ट्या यांच्यामध्ये पोलादी तारा आणि कप्प्या असतात. उंची आणि वेग दाखवणारी मापके हवेच्या दाबावर चालतात. त्यांना वीज लागत नाही.

मग लोक मरतात कशाने? पुष्कळदा ते इंजिन बंद पडल्याने नव्हे, तर त्यानंतरच्या काही सेकंदांत जे केले जाते त्याने.

लांब जाण्यासाठी नाक वर?

विमान खाली येऊ लागले की हात आपोआप नाक वर ओढू पाहतो. समोर झाडे दिसत असतील तर अधिकच. येथे निसर्गाने दिलेली बुद्धी आपल्याविरुद्ध काम करते. हवेचा प्रतिरोध दोन प्रकारचा असतो. एक, हवा कापत जाण्याचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुसरा, उचल मिळवण्याची किंमत म्हणून मोजावा लागणारा. वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवण्यासाठी पंख हवेला अधिक तिरपा धरावा लागतो आणि हा दुसरा प्रतिरोध वाढतो. दोघांची बेरीज एका ठरावीक वेगाला सर्वांत कमी असते, आणि सेस्नाचा तो वेग म्हणजे वरचे ६५ नॉट. त्याहून जलद गेले तरी अंतर घटते आणि सावकाश गेले तरी घटते. नाक वर ओढल्याने विमान लांब जात नाही. क्षणभर तसे वाटते एवढेच.

आणखी ओढले तर त्याहून वाईट घडते. पंख आणि समोरची हवा यांतला कोन सुमारे १५-१६ अंशांपलीकडे गेला की पंखाच्या वरच्या बाजूची हवा त्याला धरून वाहत नाही, ती सुटते आणि तिचे भोवरे होतात. उचल एकदम कोसळते. वैमानिक याला 'स्टॉल' म्हणतात. मोटारीच्या इंजिनाच्या 'स्टॉल'शी याचा काही संबंध नाही. इंजिन पूर्ण जोरात असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. एक पंख दुसऱ्याच्या आधी स्टॉल झाला तर विमान गिरकी घेत खाली जाते. ते सावरायला शेकडो मीटर उंची लागते, आणि ती तर नसतेच. मुलांच्या मनातला दगड प्रत्यक्षात येतो तो असा. म्हणून प्रशिक्षणात इंजिन बंद पडल्यावर करायची पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे नाक खाली करून ठरलेला वेग धरणे. जागा शोधणे, कारण शोधणे, रेडिओवर बोलणे हे सारे त्यानंतर आणि त्याच क्रमाने.

एक गंमत विज्ञानशिक्षकांसाठी. विमानात एकटा वैमानिक असो की चौघे, तरंग-गुणोत्तर तेच राहते! ते उचल आणि प्रतिरोध यांच्या गुणोत्तरावर अवलंबून आहे, वजनावर नाही. जड विमानाला फक्त तोच उतार अधिक वेगाने उतरावा लागतो. 'जड ते लवकर पडते' हा जुना समज येथे अर्धा खरा ठरतो : जड विमान लवकर पोचते, पण पोचते त्याच जागी.

मागे वळण्याचा मोह

इंजिन बंद पडण्याची सर्वांत वाईट वेळ म्हणजे उड्डाणानंतर लगेच. उंची थोडी, वेग थोडा, आणि जिथे सुखरूप उतरता आले असते ती लांबलचक धावपट्टी नुकतीच मागे पडलेली. ती अगदी जवळ आहे, वळून परत जावे, हा विचार इतका स्वाभाविक आहे की तो अनुभवी वैमानिकांच्याही मनात येतो. तो का फसवा आहे, हे अकरावीच्या गणितात दाखवता येते.

चढताना सेस्ना १७२ सुमारे १० मीटर पुढे जाऊन १ मीटर वर जाते. उन्हाळ्यात हवा विरळ असते, तेव्हा त्याहून कमी. उतरताना ते ९ मीटर पुढे जाऊन १ मीटर खाली येते. म्हणजे ज्या चढाने ते वर गेले, त्याहून थोड्या अधिक उताराने ते खाली येणार. वळण्यात काहीच खर्च झाला नाही असे मानले तरी व्यवहार जेमतेम बरोबरीचा आहे.

आणि वळण्यात खर्च होतोच. ३० अंश झुकून वळले तर वळणाची त्रिज्या किती? वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण गुणिले झुकावाच्या कोनाचा टॅन. ३३.४ चा वर्ग सुमारे १,११६, ९.८ गुणिले ०.५७७ म्हणजे ५.६६, भागाकार १९७ मीटर. अर्धे वर्तुळ पुरे केल्यावर विमानाचे तोंड उलट होते खरे, पण ते धावपट्टीच्या रेषेत नसते. व्यासाइतके, म्हणजे जवळजवळ ४०० मीटर बाजूला असते. त्या रेषेत येण्यासाठी आणखी थोडे वळावे लागते आणि मग तेवढेच उलट. एकूण वळण १८० अंशांचे नव्हे, सुमारे २७० अंशांचे होते. त्याला २८ सेकंद लागतात. वळताना पंखांवरचा भार वाढल्यामुळे उतरण्याचा वेग ३.७ वरून सुमारे ४.३ मीटर होतो. म्हणजे १२० मीटर गेले. काय झाले हे कळून हात हलेपर्यंत चार सेकंद धरली तर आणखी १५ मीटर. तोंड फिरवण्यातच १३५ मीटर खर्ची पडले, आणि धावपट्टीपर्यंतचे अंतर अजून कापायचे आहे.

मग झुकाव वाढवून झटकन वळावे? ४५ अंश झुकले तर त्रिज्या ११४ मीटरवर येते, हे खरे. पण झुकलेल्या पंखाची उचल तिरपी होते. वजन पेलणारा तिचा उभा भाग पुरेसा राहावा म्हणून पंखाला जास्त उचल द्यावी लागते : ४५ अंशांना १.४१ पट, ६० अंशांना दुप्पट. स्टॉल होण्याचा वेग याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. सरळ उडताना तो ५० नॉट असेल तर ४५ अंशांना सुमारे ६० आणि ६० अंशांना ७१ नॉट. आपण जात आहोत ६५ नॉटने. शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. म्हणूनच प्रशिक्षक सांगतात की ठरावीक उंचीखाली मागे पाहायचेच नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीस-तीस अंशांत जे काही दिसेल त्यात उतरायचे. त्या पट्ट्यात चांगले मैदान नसले तरीही. ही उंची किती, ते वैमानिकाने उड्डाणापूर्वीच मनाशी ठरवून ठेवायचे असते, कारण तेव्हा विचार करायला वेळ असतो.

यात वाऱ्याचाही वाटा आहे. उड्डाण वाऱ्याच्या तोंडावर करतात. मागे वळून उतरायचे तर वारा पाठीशी येतो. १० नॉटचा वारा आणि ५५ नॉट हवेतला वेग धरला तर समोर उतरताना जमिनीवरचा वेग ४५ नॉट, मागे उतरताना ६५. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा ती दुपटीहून थोडी जास्तच झाली.

प्रसिद्ध अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्यावर हा प्रसंग आला. ५ मार्च २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका विमानतळावरून ते रायन पीटी-२२ हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले उघडे प्रशिक्षण विमान घेऊन एकटेच निघाले. थोड्याच वेळात इंजिनाची शक्ती गेली. त्यांनी विमानतळाकडे परतायचा प्रयत्न केला, पण धावपट्टी गाठता येत नाही हे दिसल्यावर जवळच्या गोल्फ मैदानाचा आसरा घेतला. विमान एका झाडाच्या शेंड्याला लागून मैदानावर आदळले. फोर्ड तेव्हा ७२ वर्षांचे होते. ते बरेच जखमी झाले, पण वाचले. चौकशीत कारण निघाले ते अगदी लहान : कार्ब्युरेटरमधील इंधन मोजून सोडणारी जेट आपल्या जागेवरून ढिली होऊन फिरली होती. त्यामुळे इंधन कमी नव्हे, जास्त जाऊ लागले. पेट्रोल नीट जळायला त्याच्या सुमारे १५ पट वजनाची हवा लागते. हे प्रमाण फार बिघडले की मिश्रण पेटत नाही. इंधनाने भरलेले इंजिन इंधनाच्याच अतिरेकाने गुदमरले.

इंजिन थांबते कशाने

विमानाची इंजिने विश्वासू असतात. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात, त्यामुळे बॅटरी पार उतरली तरी इंजिन चालू राहते. कांडी मोडणे, व्हॉल्व्ह अडकणे असे बिघाड होतात. पण इंजिन धडधाकट असून थांबण्याचे प्रकारही कमी नाहीत. कधी इंधन संपलेले असते, कधी एका टाकीत संपलेले आणि दुसरीत भरपूर असते पण चावी फिरवलेली नसते, कधी इंधनात पाणी उतरलेले असते. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून ते टाकीच्या तळाशी बसते. उड्डाणापूर्वी तळाच्या तोटीतून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढून पाहतात. या विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. नळीत दोन थर दिसले तर पाणी आहे हे कळते. पण नळीत सगळे पाणीच आले तर थर दिसणारच नाहीत! म्हणून नुसता थर नव्हे, रंगही पाहायचा.

इंधन मोजण्यातली चूक किती दूर नेऊ शकते, याचे उदाहरण मोठ्या विमानाचे आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ ची दोन्ही इंजिने सुमारे ४१ हजार फुटांवरून प्रवास करीत असताना बंद पडली, कारण २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते आणि किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक वापरल्याने त्याच्या निम्म्याहूनही कमी भरले गेले होते. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन हौसेने ग्लायडर उडवणारे होते. त्यांनी ते अवाढव्य विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. ६९ जण वाचले. एकके लिहायला विसरणाऱ्या विद्यार्थ्याला सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

आपल्या दमट हवेच्या संदर्भात मजेदार प्रकार आहे तो कार्ब्युरेटरमधल्या बर्फाचा. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब आणि तापमान उतरते. तिथेच पेट्रोलची वाफ होते आणि ती आजूबाजूची उष्णता घेते. हातावर स्पिरिट लावल्यावर गार लागते तेच हे. तापमान २०-३० अंशांनी खाली येऊ शकते. म्हणजे बाहेर २०-२५ अंश सेल्सिअस असताना, अंगात पातळ सदरा असताना, आत बर्फ धरतो आणि हवेची वाट अडवतो. उपाय साधा आहे : एक दांडा ओढून धुराड्याच्या नळीभोवतीची गरम हवा आत घ्यायची. मात्र तसे केल्यावर वितळलेले पाणी इंजिनात जाते आणि ते क्षणभर अधिकच खडखडते. घाबरून दांडा परत ढकलला की बर्फ पुन्हा धरू लागतो. औषधाने आधी बिघडल्यासारखे वाटते, पण डोस पुरा घ्यावा लागतो. १९९६ पासूनच्या सेस्ना १७२ मध्ये कार्ब्युरेटरच नाही, इंधन फवारून दिले जाते, त्यामुळे ही पीडा त्यांना नाही.

जमिनीवर

वेग धरला, इंजिन पुन्हा सुरू होत नाही, हे पटले. आता शेत निवडायचे. वाऱ्याची दिशा धुरावरून, धुळीवरून, तळ्यावरच्या लाटांवरून कळते. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत; म्हणून तारा शोधायच्या नाहीत, खांब शोधायचे. नांगरलेले असेल तर तासांच्या दिशेने उतरायचे, तासांना आडवे नाही. आपल्याकडे शेते लहान आणि बांध फार. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात आदळले. विमानाची मोडतोड झाली, पण त्यात एकटीच असलेली तरुण प्रशिक्षणार्थी किरकोळ जखमांवर बचावली. टेकण्यापूर्वी इंधन बंद करतात, विजेचे मुख्य बटण बंद करतात आणि दार किंचित उघडून ठेवतात. सांगाडा वाकला तर बंद दार अडकून बसते, म्हणून.

विमान मोडेल ही भीती येथे सर्वांत घातक. थांबायला लागणारे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. पट्ट्याने नीट बांधलेला माणूस गुरुत्व त्वरणाच्या नऊपट झटका थोडा वेळ सोसू शकतो. त्या हिशोबाने ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबायला तीन मीटरही पुरतात. ताशी १६० वरून चौपट, म्हणजे सव्वाअकरा मीटर लागतात. पंख झुडपांत मोडले, चाके बांधावर तुटली, तर ते तुटणेच ही ऊर्जा खात असते. विमान विम्याचे आहे, बरगड्या आपल्या आहेत. अर्थात पट्टा नीट बांधलेला हवा आणि तो ज्याला बांधला ते भक्कम हवे. फोर्ड यांच्या विमानात खांद्याचा पट्टा आसनाच्या पाठीला पुरेशा मजबुतीने जोडलेला नव्हता, आणि त्यामुळे इजा वाढली, असे चौकशीत नोंदले आहे.

हे सारे वर्गात करून पाहण्यासाठी कागदाचे विमान पुरते. दीड मीटर उंचीवरून ते फेकू नका, सरळ पुढे अलगद सोडा; ते जमिनीवर टेकेल तिथपर्यंतचे अंतर मोजा आणि उंचीने भागा. दहा वेळा करून सरासरी घ्या. बंद खोलीत, पंखा बंद ठेवून करा. मग विमानाच्या नाकाला कागदाची एक क्लिप लावा. पुन्हा मोजा. मग तीच क्लिप विमान बोटावर तोलले जाते त्या बिंदूपाशी लावा आणि वेगाकडे व अंतराकडे वेगवेगळे लक्ष ठेवा. शेवटी मागच्या कडा वर वळवत जा, एका वेळी थोड्या. कुठल्या तरी वळणाला विमान नाक उचलेल, थबकेल आणि खाली पडेल. त्या वेळी ते किती लांब गेले होते, तेही लिहून ठेवा.